ट्रॅव्हल नर्सिंग : एजन्सीआधी रिक्रुटर पारखा

मिरजेत जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं, काही वर्षं आखातात काढली आणि ग्रीन कार्डावर टेक्सासला आले. ह्यूस्टनमध्ये दोन वर्षं एकाच वॉर्डात घट्ट पाय रोवले, मग ट्रॅव्हल नर्सिंगला, म्हणजे एजन्सीमार्फत वेगवेगळ्या हॉस्पिटलांत काही आठवड्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर काम करायला, सुरुवात केली. नव्या मुलींचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, एजन्सी कुठली धरू?" मी विचारते, एजन्सीतर्फे तुझ्याशी बोलणारा, काम मिळवून देणारा रिक्रुटर कोण आहे?

कारण असं. हॉस्पिटल रिकामी जागा ऑनलाइन टाकतं आणि ती एकाच वेळी बऱ्याच एजन्सींना दिसते. हॉस्पिटल तासाला किती मोजणार ते बहुतेक ठरलेलं असतं. एजन्सी त्यातलं स्वतःकडे किती ठेवते यावर आपला पगार. एका नाइट ड्यूटीसाठी मला तीन एजन्सींनी आठवड्याचे तीन वेगळे आकडे सांगितले होते. वॉर्ड तोच, पेशंट तेच. म्हणून दोन-तीन रिक्रुटरांशी बोला, पण एका जागेसाठी नाव एकाच एजन्सीकडून जाऊ द्या. दोघांकडून फाइल गेली तर हॉस्पिटल दोन्ही फाइली नाकारू शकतं. "मला विचारल्याशिवाय माझी फाइल कुठेही पाठवायची नाही," हे पहिल्याच फोनवर सांगा.

आठवड्याच्या आकड्यावर भाळू नका, तो फोडून घ्या. एका एजन्सीने मला तासाला 20 डॉलर आणि आठवड्याला 1,200 डॉलर करमुक्त स्टायपेंड (राहण्या-जेवणाचा भत्ता) देऊ केला, दुसरीने तासाला 32 आणि स्टायपेंड 700. 36 तासांचे पहिलीचे 1,920, दुसरीचे 1,852. पहिली सरस वाटते ना? आता 12 तासांची एक जादा शिफ्ट धरा. 40 तासांच्या पुढे दीडपट, पण ती तासाच्या दरावर. पहिलीकडे त्या शिफ्टचे 320 डॉलर, दुसरीकडे 512. दुसरी पुढे गेली. मी नेहमी जादा शिफ्ट घेते, तेव्हा माझ्यासाठी दुसरीच बरी होती. शिवाय तो स्टायपेंड करमुक्त राहायला तुमचं कायमचं घर हवं, जिथलं भाडं तुम्ही कामावर बाहेर असतानाही भरता. ह्यूस्टनचं घर मी त्यासाठीच ठेवलंय. बॅग उचलून गावोगाव फिरणाऱ्या, मागे घर नसलेल्या नर्सला त्या पैशावर कर लागतो. एकाच ठिकाणी वर्षाहून जास्त राहायचं ठरलं तरी तेच. "त्याची काळजी नको, सगळे घेतात," असं म्हणणारा रिक्रुटर मी तिथेच सोडते. उद्या नोटीस आली तर ती माझ्या नावाने येणार, त्याच्या नाही.

हे सगळं मी ठेच लागल्यावर शिकले. पहिल्या कॉन्ट्रॅक्टचा रिक्रुटर सही होईपर्यंत रोज फोन करायचा, घरच्यांची चौकशी करायचा. "तास पक्के आहेत," म्हणाला. कागदावर 36 तास होते, पण हमी नव्हती. पेशंट कमी झाले की हॉस्पिटल शिफ्ट रद्द करायचं, आणि त्या शिफ्टचा पगार तर जायचाच, स्टायपेंडही कापला जायचा. पाचव्या आठवड्यात कॉन्ट्रॅक्टच संपवलं. मी मात्र तेरा आठवड्यांचं घरभाडं आगाऊ भरून बसले होते. त्या आठवड्यात त्याने एकदाही फोन उचलला नाही. खोलीत बसून मी खूप रडले.

तेव्हापासून काही गोष्टी कागदावर आल्याशिवाय सही करत नाही : हमीचे तास किती, शिफ्ट रद्द झाली तर काय कापणार, मुदतीआधी काढलं तर किती दिवसांची सूचना, आणि दुसऱ्या वॉर्डात फ्लोट करणार (तात्पुरतं पाठवणार) असतील तर कुठल्या. तोंडी "हो" आलं की मी नम्रपणे म्हणते, ईमेल करा. चांगला माणूस दहा मिनिटांत करतो.

लायसन्सचा प्रश्न ही आणखी एक सोपी परीक्षा. टेक्सास कॉम्पॅक्टमध्ये, म्हणजे एकमेकांचं नर्सिंग लायसन्स मानणाऱ्या राज्यांच्या करारात, आहे, त्यामुळे माझं मल्टीस्टेट लायसन्स बऱ्याच राज्यांत चालतं. कॅलिफोर्निया त्यात नाही. तिथलं वेगळं काढावं लागतं आणि वेळ जातो. लायसन्स हातात नसताना "दोन आठवड्यांत कॅलिफोर्नियात रुजू व्हा" म्हणणाऱ्याला एक तर काम माहीत नाही, नाहीतर तो खोटं बोलतोय.

आणि ज्यांना एखाद्या एजन्सीनेच ग्रीन कार्डावर आणलंय, त्यांनी आधी तो जुना करार वकिलाला दाखवावा. मुदतीआधी सोडल्यास भरपाईची अट त्यात असू शकते.

आताच्या रिक्रुटरबरोबर चार वर्षं झाली. गेल्या वर्षी एका जागेचा पगार बघून मी लगेच हो म्हटलं, तर त्याने थांबवलं. "त्या युनिटमधून माझ्या दोन नर्सेस मुदतीआधी निघाल्या. एकेकीला आठ पेशंट देतात. तुम्हाला जायचंच असेल तर पाठवतो, पण आधी त्यांच्याशी बोला." त्या दोघींची परवानगी काढून त्याने नंबर दिले. मी बोलले, आणि गेले नाही.