कुत्र्याचे ताट आणि महिन्याचा हिशेब

कुत्र्याला काय घालावे, हा विचार बहुतेक घरांत पिशवीच्या किमतीपासून सुरू होतो आणि तेथेच फसतो. दहा किलोची पिशवी अडीच हजारांना मिळते की सात हजारांना, एवढ्यावरून रोजचा खर्च कळत नाही, कारण एका खाद्याचे ३०० ग्रॅम लागतात तेथे दुसऱ्याचे २५० पुरतात. म्हणून आधी आपल्या कुत्र्याला दिवसाला किती किलोकॅलरी लागतात ते काढावे, मग खाद्य निवडावे, आणि किंमत सर्वांत शेवटी पाहावी.

आमच्या घरच्या ढवळीचेच उदाहरण घेतो. ती गावठी, नसबंदी झालेली, २० किलो वजनाची आणि सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्या सोडल्या तर दिवसभर सोफ्यावर लोळणारी आहे. पशुवैद्यक वापरतात ते सूत्र साध्या कॅल्क्युलेटरवरही जमते: वजनाचा घन करावा (२० × २० × २० = ८०००), वर्गमुळाचे बटण दोनदा दाबावे (साधारण ९.४६) आणि आलेल्या आकड्याला ७० ने गुणावे. उत्तर ६६२ येते. ही नुसत्या विश्रांतीची गरज झाली. प्रौढ, नसबंदी झालेल्या कुत्र्यासाठी तिला साधारण १.६ ने गुणतात, पण ढवळीचा आळस लक्षात घेऊन मी १.५ धरतो, म्हणजे दिवसाला जवळपास १००० किलोकॅलरी. त्याच हिशेबाने १० किलोच्या कुत्र्याला ५९० आणि ३० किलोच्याला १३५० लागतात. वजन तिप्पट झाले म्हणून खाणे तिप्पट होत नाही. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला मात्र विश्रांतीच्या गरजेच्या जवळजवळ तिप्पट लागते.

आता कोरडे खाद्य, ज्याला आपल्याकडे कोणत्याही कंपनीचे असले तरी सर्रास ‘पेडिग्री’च म्हणतात. पाकिटाच्या मागे १०० ग्रॅमला किंवा किलोला किती किलोकॅलरी हे छापलेले असेल तर तेच घ्यावे. साधारणपणे हा आकडा १०० ग्रॅमला ३४० ते ४०० च्या दरम्यान असतो. किलोला २५० रुपयांचे, ३४० किलोकॅलरीचे खाद्य ढवळीला रोज २९५ ग्रॅम लागेल, म्हणजे दिवसाला सुमारे ७४ रुपये आणि महिन्याला २२०० च्या आसपास. किलोला ७०० रुपयांचे, ४०० किलोकॅलरीचे खाद्य २५० ग्रॅमच लागेल, तरी दिवसाचे १७५ आणि महिन्याचे सव्वापाच हजार होतात. दर दुकानागणिक आणि शहरागणिक बदलतील, रीत मात्र हीच राहील. रश्श्यासारख्या ओल्या खाद्याचा मार्ग या हिशेबात बसतच नाही: ८० ग्रॅमच्या पाकिटात जेमतेम ६० ते ८० किलोकॅलरी असतात, तेव्हा त्यावरच कुत्रा पोसायचा तर रोज तेरा ते सतरा पाकिटे फोडावी लागतील. कोरड्या दाण्यांवर चवीपुरते घालायला ते ठीक आहे.

पाकीट निवडताना ते संपूर्ण व संतुलित आहार असल्याचे आणि कोणत्या वयासाठी आहे हे त्यावर लिहिलेले असावे. पाणी वगळून उरणाऱ्या भागात प्रौढ कुत्र्याला किमान १८ टक्के आणि वाढत्या पिल्लाला २२.५ टक्के प्रथिने असावीत, असा अमेरिकेतील मानकांचा दंडक आहे आणि तो आपल्यालाही उपयोगी पडतो. ‘धान्यविरहित’ या शब्दासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. कुत्रा शिजवलेले पिष्ट चांगले पचवतो. लांडग्यापासून तो वेगळा होताना त्याच्या शरीरात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती वाढल्या, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. आपल्या गावकुसातल्या कुत्र्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भाकरीवर दिवस काढले, ते उगाच नव्हे. मात्र नुसती भाकरी-दूध किंवा वरण-भात हा पुरा आहार नव्हे. त्यात प्रथिने कमी पडतात आणि पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना दुधाने जुलाब होतात. दही त्या मानाने सोसते.

घरी शिजवून घालणे स्वस्त पडते, हा समज मी स्वतः मोजून पाहीपर्यंत माझाही होता. ढवळीच्या एका दिवसासाठी हाडे काढलेले चिकन २०० ग्रॅम, दोन उकडलेली अंडी, १२० ग्रॅम तांदळाचा भात, ३० ग्रॅम कलेजी, १०० ग्रॅम लाल भोपळा आणि दोन चहाचे चमचे तेल असे घेतले की १००० च्या जवळपास किलोकॅलरी भरतात. चिकनचे ७२, अंड्यांचे १५, बाकी सगळ्याचे १६ आणि जीवनसत्त्व-खनिजांच्या पावडरीचे १० असे धरले तर दिवसाला ११३ रुपये, म्हणजे महिन्याला ३४०० होतात. हाडांसकट चिकन २२० ला आणून बचत होईल असे वाटते, पण किलोमागे ६०० ग्रॅमच मांस निघते, तेव्हा भाव तेथल्या तेथेच येतो. उरलेली हाडे शिजल्यावर कुत्र्याला घालायची नाहीत; ती फुटून टोकदार होतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात.

या ताटातली सर्वांत सहज विसरली जाणारी गोष्ट म्हणजे कॅल्शियम. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते, त्यामुळे महिनोन्‌महिने नुसत्या चिकन-भातावर वाढलेल्या पिल्लाचे शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढू लागते आणि हाडे वाकतात किंवा मोडतात. प्रौढ कुत्र्यासाठी उपाय फुकटात होतो: अंड्यांची कवचे धुऊन, वाळवून, मिक्सरमध्ये अगदी पिठासारखी करावीत. एका कवचात जवळजवळ २ ग्रॅम कॅल्शियम असते, तेव्हा वरच्या ताटाला पाऊण चहाचा चमचा पूड पुरते. उलट, पिल्लांचे संतुलित पाकीटबंद खाद्य चालू असताना वरून कॅल्शियमचे टॉनिक पाजू नये. विशेषतः लॅब्रॅडॉर, ग्रेट डेन अशा मोठ्या जातींच्या पिल्लांची हाडे जास्तीच्या कॅल्शियमनेच बिघडतात.

आपल्या ताटातले उरलेसुरले देण्याआधी कांदा-लसूण आठवावा, म्हणजे बहुतेक रस्से आणि आमट्या आपोआप बाद होतात. द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, म्हणून सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा त्याच्या वाट्याला नको. चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेले बिनसाखरेचे च्युइंगम हीदेखील विषेच आहेत.

पावसाळ्यात वीस किलोची मोठी पिशवी घेऊन किलोमागे पाच-पन्नास रुपये वाचवणे अंगाशी येते. एका श्रावणात आमच्याकडे अशा पिशवीचा तळ बुरशीने धरला आणि शेवटचे चार किलो फेकावे लागले; बुरशीची विषे शिजवूनही जात नाहीत. तेव्हापासून महिनाभरात संपेल एवढीच पिशवी घेतो, ती मूळ पिशवीसकट झाकणाच्या डब्यात ठेवतो आणि दुकानातल्या उघड्या पोत्यातले सुटे खाद्य घेत नाही.

मापासाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरावा. आमटीची वाटी मी भरली की ८५ ग्रॅम दाणे बसतात, आणि तीच आईने भरली की ११०. दिवसातून तीन वाट्यांना हा फरक ७५ ग्रॅमचा होतो. त्यावर चहाच्या वेळची बिस्किटे. ग्लुकोज बिस्किटांच्या ४० ग्रॅममध्ये १८० किलोकॅलरी असतात, आणि वरकड खाऊ दिवसाच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये असे मानले तर ढवळीचा दिवसभराचा कोटा सकाळी साडेसातलाच संपतो. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कुत्र्यांच्या जोड्या लावल्या होत्या; जोडीतल्या दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य १३ वर्षे भरले (म्हणजे त्यांतली निम्मी त्याहून जास्त जगली), तर भरपूर खाणाऱ्यांचे ११.२ वर्षे.

खाद्य बदलायचे ते सात दिवसांत, जुन्यात नवे थोडे थोडे वाढवत. आम्ही शेवटी सकाळी १४५ ग्रॅम कोरडे आणि रात्री वरच्या ताटाचा अर्धा भाग यावर स्थिरावलो. दिवसाचे ९२ ते ९३ रुपये होतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ढवळीला उचलून वजनकाट्यावर उभा राहतो, माझे वजन वजा करतो आणि तिच्या बरगड्यांवरून हात फिरवतो. बरगड्या न दाबता बोटांना लागल्या तर माप तेच राहते. चाचपाव्या लागल्या तर रात्रीचा भात २० ग्रॅमने कमी होतो.