गतीची गणितं सोडवायची कशी? फॉर्म्युल्याच्या आधी काय करायचं ते बघू

गतीचा धडा सुरू झाला की बहुतेक जण आधी तीन समीकरणं पाठ करून टाकतात, आणि मग गणित समोर आलं की यातलं लावायचं कुठलं तिथेच अडकतात. माझं स्पष्ट मत आहे की समीकरण हे सगळ्यात शेवटचं काम आहे. त्याच्या आधी एक रेघ काढायची, रेघेवर शून्य कुठे ते ठरवायचं आणि कुठली दिशा प्लस ते लिहून ठेवायचं, एवढं नीट केलं तर अर्धं गणित तिथेच सुटतं.

पायरी १: रेघ, शून्य आणि प्लस

एखादी वस्तू हलतेय की नाही हे नेहमी कशाच्या तरी तुलनेत असतं. धावत्या बसमध्ये सीटवर बसलेला माणूस बसच्या दृष्टीने जागचा हललेला नाही, रस्त्यावर उभ्या असलेल्याच्या दृष्टीने तो चांगला ताशी ५० किलोमीटरने चाललाय, आणि दोघंही बरोबरच आहेत. म्हणून गणितात आपणच ठरवायचं की मोजणार कुठून. प्लस दिशा कुठलीही घ्या, वर घ्या, खाली घ्या, उत्तराला काही फरक पडत नाही, पण एकदा घेतली की गणित संपेपर्यंत बदलायची नाही. मधेच दिशा बदलली की साईन (प्लस-मायनसचं चिन्ह) चुकते आणि मग चूक शोधता शोधता पुरेवाट होते.

पायरी २: अंतर वेगळं, विस्थापन वेगळं

अंतर म्हणजे एकूण किती चाललो, विस्थापन म्हणजे निघालो तिथून पोचलो तिथपर्यंतचं सरळ अंतर, दिशेसकट. ४०० मीटरच्या ट्रॅकवर एक पूर्ण फेरी मारली तर अंतर ४०० मीटर, विस्थापन शून्य, कारण निघालो तिथेच परत आलो. अंतराला वेळेने भागलं की सरासरी चाल मिळते, विस्थापनाला भागलं की सरासरी वेग. म्हणजे त्या फेरीचा सरासरी वेग शून्य येतो, कितीही घाम गाळला असला तरी.

सरासरी चालीचं एक गणित परीक्षेत हमखास चुकतं. जाताना ताशी ४० किमी, येताना ताशी ६० किमी, तर सरासरी किती? पटकन ५० लिहिलं जातं. पण समजा एका बाजूचं अंतर १२० किमी आहे, मग जायला ३ तास लागले, यायला २ तास, एकूण २४० किमी आणि ५ तास, म्हणजे सरासरी ४८. हळू चालीत जास्त वेळ गेला म्हणून सरासरी तिकडे झुकली. चालींची सरासरी काढायची नाही, एकूण अंतराला एकूण वेळेने भागायचं, बस.

एककांचं एका ओळीत सांगून टाकतो: ताशी किलोमीटरला ३.६ ने भागलं की मीटर प्रति सेकंद मिळतात, ७२ चे २० होतात, आणि हे गणिताच्या सुरुवातीलाच करून घ्यायचं.

पायरी ३: त्वरण, इथे मात्र थांबा

वेग दर सेकंदाला कितीने बदलतो ते त्वरण. व्याख्या सोपी आहे, पण धड्यातला सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे, तो म्हणजे "त्वरण मायनस असलं की वस्तू हळू होते". असं नाही. मायनसचा अर्थ फक्त एवढाच की त्वरण आपण ठरवलेल्या प्लसच्या उलट दिशेला आहे. वस्तू हळू होतेय की वेगात येतेय हे बघायला वेग आणि त्वरण या दोघांच्या साईन शेजारी ठेवून बघायच्या, सारख्या असतील तर वेगात येतेय, उलट असतील तर हळू होतेय.

चेंडू सरळ वर फेका आणि वरची दिशा प्लस धरा. पृथ्वीजवळ गुरुत्वामुळे येणारं त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग असतं, सोयीसाठी १० घेऊ, म्हणजे आपल्यासाठी मायनस १०. वर जाताना वेग प्लस, त्वरण मायनस, म्हणून चेंडू हळू होतो. खाली येताना दोन्ही मायनस, म्हणून जोरात येतो. त्वरण मात्र पूर्ण वेळ तेच मायनस १०. मग सगळ्यात वरच्या बिंदूला काय? तिथे वेग क्षणभर शून्य असतो पण त्वरण शून्य नसतं, ते शून्य असतं तर चेंडू वरच लटकून राहिला असता ना!

पायरी ४: वेग आणि वेळेचा ग्राफ काढा

आडवी वेळ, उभा वेग. रेघेचा चढ म्हणजे त्वरण आणि रेघेखालचं क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन, एवढ्या दोन गोष्टींत ती पाठ केलेली समीकरणं सगळी सामावलेली आहेत. समजा गाडी २० मीटर प्रति सेकंदाने चाललीय आणि ब्रेकमुळे दर सेकंदाला वेग ५ ने कमी होतोय, तर ४ सेकंदात ती थांबणार. ग्राफवर हा त्रिकोण झाला, पाया ४, उंची २०, क्षेत्रफळ ४०, म्हणजे गाडी ४० मीटर जाऊन थांबली. आता वेग निम्मा करा, १० घ्या. पाया २, उंची १०, क्षेत्रफळ फक्त १०. वेग निम्मा केला तर थांबायचं अंतर पाव झालं, कारण त्रिकोणाच्या दोन्ही बाजू एकदम लहान झाल्या, आणि हे समीकरणात बघण्यापेक्षा चित्रात बघितलं तर डोक्यात पक्कं बसतं.

पायरी ५: एकदा हाताने करून बघा

दोन मीटरची सरळ फळी घ्या, एक टोक १० सेंटीमीटर उचला, मोबाईलवर दर सेकंदाला टिक वाजेल असं मेट्रोनोम अ‍ॅप लावा आणि एका टिकला गोटी सोडून पुढच्या प्रत्येक टिकला ती कुठे आहे तिथे खडूने खूण करा (व्हिडिओ काढला तर खुणा करणं सोपं जातं). पहिल्या सेकंदात गोटी साधारण १७ सेंटीमीटर जाईल, दुसऱ्या सेकंदात त्याच्या तिप्पट, तिसऱ्यात पाचपट. १, ३, ५ असा क्रम. हाच क्रम गॅलिलिओने उतारावरच्या गोळ्यांवरून मांडला, आणि त्याच्याकडे सेकंद मोजणारं घड्याळ नव्हतं, तो भांड्यातून बारीक धारेने पडलेलं पाणी वजन करून वेळ मोजायचा! एकूण अंतर बघा, १, मग ४, मग ९. अंतर वेळेच्या वर्गाप्रमाणे वाढतं ते हे असं.

पायरी ६: आता समीकरण

२५ मीटर उंच गच्चीच्या कडेवरून चेंडू २० मीटर प्रति सेकंदाने सरळ वर फेकला, तो जमिनीवर कधी पडेल? (हवेचा विरोध सोडून देऊ.) बरेच जण आधी वर जायचा वेळ, मग खाली यायचा वेळ असे तुकडे करतात, चालतं, पण गरज नाही. जमीन शून्य, वरची दिशा प्लस. सुरुवातीची जागा २५, वेग प्लस २०, त्वरण मायनस १०. सुरुवातीची जागा, अधिक सुरुवातीचा वेग × वेळ, अधिक निम्मं त्वरण × वेळेचा वर्ग, म्हणजे जागा = २५ + २० × वेळ − ५ × वेळेचा वर्ग. जमिनीवर जागा शून्य, म्हणून हे शून्याबरोबर ठेवून ५ ने भागलं की वेळेचा वर्ग − ४ × वेळ − ५ = ०, आणि उत्तरं दोन येतात, ५ आणि मायनस १. पडतानाचा वेग २० − ५० = मायनस ३०, मायनस म्हणजे खालच्या दिशेने, बरोबर जुळलं.

मायनस १ सेकंद आपण खोडून टाकतो, पण त्यालाही अर्थ आहे. चेंडू गच्चीवरून फेकण्याऐवजी कोणी एक सेकंद आधी जमिनीवरून ३० मीटर प्रति सेकंदाने वर फेकला असता, तर तो बरोबर शून्याव्या सेकंदाला गच्चीच्या कडेपाशी २० च्या वेगाने वर जाताना दिसला असता आणि पुढचं सगळं हुबेहूब तसंच घडलं असतं. समीकरणाला चेंडू कोणी, कुठून फेकला हे माहीत नसतं, त्याला फक्त जागा, वेग आणि त्वरण कळतं.