लॅन केबल बदलायच्या आधी टोकं बघा

सिडकोतल्या आमच्या घरी प्लॅन ३०० एमबीपीएसचा पण वायरवर (म्हणजे राउटरला जोडलेल्या लॅन केबलवर) स्पीड ९५च्या वर जाईना, मी तर सगळी केबल उपटायच्या तयारीत होतो. नंतर बघितलं तर कनेक्टरमध्ये निळी तार सुटलेली, आणि गिगाबिटला (१००० एमबीपीएस, म्हणजेच १ जीबीपीएस) केबलमधल्या आठही तारा लागतात, चारवर १००च मिळतात. आधी टोकं नवीन क्रिम्प करून (कनेक्टर पकडीने दाबून बसवून) बघा, केबल कॅट ५ई दर्जाची असेल तर १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस आरामात येतो.

बदलायचीच असेल तर कॅट ६ घ्या पण दुकानातच तार ब्लेडने खरवडा, आतून पांढरी निघाली तर तांबं नाही, अ‍ॅल्युमिनियम, परत द्या. जुनीच्या शेपटाला नवी बांधून ओढली की पाइपातून येते (आमची एका बेंडला अडकलीच!), फक्त लाइटच्या वायरींच्या पाइपात घालू नका.