देवाचे प्रतिरूप आणि खरे ज्ञान : घरप्रार्थनेसाठी मनन कसे तयार करावे

सोलापुरातील मंडळ्यांमध्ये घरोघरी होणाऱ्या प्रार्थनेत मनन देण्याची जबाबदारी पाळकसाहेबांखेरीज इतरांवरही येते, आणि मग मागावरची पाळी संपवून आलेला तरुण, शाळेतील शिक्षिका किंवा महिला मंडळातील एखाद्या मावशी पवित्र शास्त्र उघडून विषय शोधू लागतात. ‘मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे’ आणि ‘परमेश्वराचे भय हा ज्ञानाचा आरंभ आहे’ हे दोन विषय त्यांत नेहमीचे आहेत. ते इतके परिचयाचे आहेत की पहिल्या वाक्यालाच श्रोते मान डोलावतात आणि नंतर ऐकायचे थांबतात. हे दोन विषय वेगवेगळे न घेता एकाच मननात कसे घ्यावेत, कोणते उतारे वाचावेत आणि कोणत्या ठिकाणी सावध राहावे, हे येथे सांगायचे आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की पवित्र शास्त्रात ज्ञानाची परीक्षा माणसाला किती माहिती आहे यावर होत नाही. देवाचे प्रतिरूप धारण करणाऱ्या दुसऱ्या माणसाशी तो कसा बोलतो आणि कसा वागतो यावर ती होते. हे दोन विषय एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की एकाला सोडून दुसरा नीट सांगता येत नाही.

सुरुवात कोठून करावी

बहुतेक जण उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायापासून करावी. हा अध्याय जिभेविषयी आहे म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु त्याच्या नवव्या वचनात याकोब म्हणतो की ज्या जिभेने आपण प्रभू व पिता याचा धन्यवाद करतो, तिनेच देवाच्या प्रतिरूपाप्रमाणे निर्माण केलेल्या माणसांना शाप देतो. तेराव्या वचनात तो लगेच विचारतो की तुमच्यात ज्ञानी व समंजस कोण आहे, आणि अध्यायाच्या शेवटापर्यंत वरून येणारे ज्ञान व ऐहिक ज्ञान यांतील भेद मांडतो. म्हणजे आपल्याला हवे असलेले दोन्ही विषय एकाच पानावर आहेत, आणि त्यांना जोडणारी गोष्टही तेथेच आहे, ती म्हणजे आपल्या तोंडचे शब्द.

तयारीच्या पहिल्या दिवशी हा संपूर्ण अध्याय एका बैठकीत मोठ्याने वाचावा. सतराव्या वचनातील गुण वहीत उतरवून घ्यावेत : शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, समजावून घेणारे, दयेने आणि चांगल्या फळांनी भरलेले, पक्षपात नसलेले, ढोंग नसलेले. या यादीत पाठांतर नाही, वक्तृत्व नाही, पद नाही. यांतला एकही गुण माणूस एकटा बसून दाखवू शकत नाही, हे श्रोत्यांच्या लक्षात आणून द्यावे. सौम्य व्हायला समोर कोणीतरी लागते.

त्यानंतर मागे जाऊन उत्पत्ती १:२६-२८, ५:१-३ आणि ९:६, तसेच आठवे स्तोत्र वाचावे. येथे एक मोह टाळावा लागतो. देवाचे प्रतिरूप म्हणजे मनुष्यातील नेमके काय, यावर मंडळीच्या आचार्यांनी शतकानुशतके विचार केला आहे. ऑगस्टिन (३५४-४३०) यांनी स्मृती, समज आणि इच्छा या मनाच्या तीन शक्तींत त्र्येकाची, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा या एकाच देवाची, खूण शोधली. कोणी ते सृष्टीवरील अधिकारात पाहिले, तर कोणी देवाशी व परस्परांशी असलेल्या संबंधात. हे सांगायचे असेल तर दोन मिनिटांत सांगावे. उत्पत्तीचा पहिला अध्याय स्वतः व्याख्या देत नाही, आणि जे त्याने दिले नाही त्यावर पाऊण तास घालवला तर मननाचा व्याख्यानवर्ग होतो.

त्यापेक्षा अधिक उपयोगी माहिती अशी की प्राचीन मिसर आणि मेसोपोटेमियात देवाची प्रतिमा हा मान राजाकडे जात असे. उत्पत्तीत तो मान प्रत्येक माणसाला मिळतो, आणि नर व नारी दोघांनाही. नवव्या अध्यायातील वचन तर जलप्रलयानंतरचे आहे. पाप जगात येऊन पिढ्या उलटल्यावरही मनुष्याच्या रक्ताचे मोल देव याच कारणाने सांगतो, आणि याकोबही हेच कारण वर्तमानकाळात वापरतो. प्रतिरूप पापाने मलिन झाले, परंतु पुसले गेले नाही, असे म्हणायला आधार येथे मिळतो.

ज्ञानाविषयी बोलताना

दुसरा टप्पा ज्ञानाचा आहे, आणि येथे जास्त काळजी घ्यावी लागते.

प्रथम उत्पत्ती ३:५-६ वाचावे. सापाने हव्वेला सांगितले की तुम्ही देवासारखी व्हाल, आणि ते झाड शहाणे करण्यासाठी इष्ट आहे असे तिला दिसले. जी माणसे देवाच्या सदृश निर्माण झालीच होती, त्यांना देवासारखे होण्याचे आमिष दाखवले गेले. खोट्या ज्ञानाची ही पहिली खूण श्रोत्यांसमोर ठेवावी : ते माणसाला जे कृपेने मिळालेले आहे त्याचा विसर पाडते आणि तेच हिसकावून घ्यायला लावते.

मग ईयोबाच्या पुस्तकाकडे वळावे. अठ्ठाविसाव्या अध्यायात माणूस डोंगर खणून रुपे, सोने आणि नीलमणी काढतो, पण ज्ञान कोठे सापडते हे त्याला ठाऊक नाही, असे मोठे काव्य आहे, आणि त्याचा शेवट प्रभूचे भय हेच ज्ञान या वचनाने होतो. बहुतेक मनने येथेच संपतात. आपण तीन अध्याय पुढे जावे. एकतिसाव्या अध्यायात ईयोब आपल्या आयुष्याचा हिशेब देताना म्हणतो की माझ्या दासाने किंवा दासीने माझ्याविरुद्ध काही गाऱ्हाणे मांडले असता मी ते धुडकावले असते, तर देवापुढे काय उत्तर दिले असते? ज्याने मला उदरात घडवले त्यानेच त्यालाही घडवले नाही काय? (३१:१३-१५) प्रभूचे भय म्हणजे काय, हे ईयोबाने येथे नोकराची तक्रार ऐकण्याच्या कृतीतून दाखवले आहे. नीतिसूत्रे १४:३१ आणि १७:५ हीच गोष्ट थोड्या शब्दांत सांगतात की गरिबाची थट्टा करणारा त्याच्या निर्माणकर्त्याची निंदा करतो.

ज्या शहरात असंख्य घरे यंत्रमाग आणि विडी यांवर चालतात, तेथे या वचनांना वेगळे उदाहरण शोधायची गरज नाही. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते, आणि तपासणीत बाजूला काढलेल्या विड्यांबद्दल तिचे म्हणणे कोणी ऐकून घेतो की नाही, हा ईयोबाचाच प्रश्न आहे. मात्र श्रोत्यांत मागाचा मालकही असेल आणि मजूरही, त्यामुळे बोट एकाच दिशेला दाखवू नये. घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईशी मजूर कुटुंबही कधी कधी मालकासारखेच बोलते.

एक धोका स्पष्टपणे सांगितला पाहिजे. करिंथकरांस पहिल्या पत्राचा पहिला अध्याय घेऊन ‘जगाचे ज्ञान मूर्खपण आहे’ असे सांगताना काही वक्ते शिक्षणालाच नावे ठेवू लागतात. विड्यांच्या मजुरीतून मुलीच्या नर्सिंगची फी भरणाऱ्या आईसमोर असे बोलणे निर्दयपणाचे आहे, आणि ते शास्त्रालाही धरून नाही. हे पत्र लिहिणारा पौल स्वतः गमलिएल या यहुदी शास्त्रगुरूच्या पायाशी बसून शिकला होता (प्रेषितांची कृत्ये २२:३). त्याचा रोख विद्येच्या अभिमानावर आहे, विद्येवर नाही.

येथे पंडिता रमाबाईंचे (१८५८-१९२२) उदाहरण द्यावे. संस्कृत विद्वत्तेबद्दल कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळालेल्या या बाईंनी ख्रिस्ताला स्वीकारल्यानंतर विद्या टाकून दिली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली व विधवा आणल्या, केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये त्यांना आसरा दिला, अंध मुलींच्या शिक्षणाची सोय केली, आणि हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत आणले. सोलापूरहून पुण्याला रेल्वेने जाताना दौंडनंतर केडगाव लागते, त्यामुळे ही गोष्ट श्रोत्यांना दूरची वाटत नाही. याकोबाची यादी हातात धरून रमाबाईंचे आयुष्य वाचले तर विद्या आणि वरून येणारे ज्ञान यांत वैर नाही, हे आपोआप पटते.

ख्रिस्तापर्यंत कसे पोहोचावे

मनन येथेच थांबले तर ते चांगल्या वागणुकीचा उपदेश होईल, आणि तसा उपदेश ऐकायला ख्रिस्ती मंडळीतच यावे असे नाही. म्हणून कलस्सैकरांस पत्र उघडावे. त्यात ख्रिस्त अदृश्य देवाचे प्रतिरूप आहे (१:१५), ज्ञान व बुद्धी यांचे सर्व निधी त्याच्यात गुप्त आहेत (२:३), आणि विश्वासणाऱ्यांनी धारण केलेला नवा मनुष्य आपल्या निर्माणकर्त्याच्या प्रतिरूपाप्रमाणे नवा होत जातो (३:१०) अशी तीन वचने आहेत. ती याच क्रमाने वाचावीत. प्रतिरूप आणि ज्ञान या दोन्ही गोष्टी पौलाने एकाच व्यक्तीत ठेवल्या आहेत, आणि त्या आपल्याला तिच्याकडूनच मिळतात. येथे फार स्पष्टीकरण करू नये. वधस्तंभावर ज्याची थट्टा झाली तोच देवाचे परिपूर्ण प्रतिरूप होता, एवढे एक वाक्य नीतिसूत्रे १७:५ शेजारी ठेवले की पुरे होते.

येणारे प्रश्न

मननानंतर प्रश्नांना वेळ ठेवावा, कारण या विषयात खरे काम तेथेच होते. तीन प्रश्न जवळजवळ नेहमी येतात.

पहिला प्रश्न असा की बुद्धी हेच प्रतिरूप असेल तर मतिमंद मुलाचे किंवा स्मरणशक्ती गेलेल्या आजीचे काय? हा प्रश्न विचारणाऱ्याच्या घरात बहुधा तसे कोणी असते, म्हणून उत्तर घाईने देऊ नये. उत्पत्ती ९:६ मनुष्याचे मोल त्याच्या क्षमतेवर ठरवत नाही. मनुष्य म्हणून निर्माण होणे एवढेच तेथे पुरेसे आहे. ज्या आजीला आता मुलाचे नावही आठवत नाही, ती देवाचे प्रतिरूप आहे, अर्धवट नव्हे, पूर्णपणे. ऑगस्टिन यांचा स्मृतीविषयीचा विचार सुरुवातीला सांगितला असेल, तर त्याची मर्यादा येथे मान्य करावी. हे उत्तर दिल्यावर थोडा वेळ कोणी काही बोलले नाही तर बोलू नये.

दुसरा प्रश्न असतो, ख्रिस्ती नसलेल्यांत प्रतिरूप असते का? उत्तर सरळ आहे. उत्पत्तीत अब्राहामाच्याही आधी, सर्व मानवजातीविषयी हे सांगितले आहे. सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, परक्या देशातील जखमींची सेवा करीत राहिले आणि १९४२ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच वारले. ते ख्रिस्ती नव्हते. त्यांच्या सेवेत आपल्या निर्माणकर्त्याचे काही दिसते असे म्हणायला ख्रिस्ती माणसाने कचरू नये. तारणाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो येथे मिसळू नये.

तिसरा प्रश्न व्यवहाराचा असतो : मग कोणाला चुकीचे म्हणायचेच नाही काय? याकोबाने स्वतः मजुरी अडवणाऱ्या धनवानांना पाचव्या अध्यायात अतिशय कडक शब्द वापरले आहेत. अन्यायाला अन्याय म्हणणे आणि माणसाला शाप देणे यांत फरक आहे, एवढे सांगून पुढे जावे.

प्रत्यक्ष प्रार्थनेच्या दिवशी

याकोब २:१-४ मध्ये सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायापाशी जागा देणाऱ्या मंडळीची कानउघाडणी आहे. म्हणून खुर्च्या कोणाला आणि सतरंजी कोणाला, याचा विचार यजमानांशी आधीच करावा. वय आणि गुडघेदुखी ही खुर्ची देण्याची योग्य कारणे आहेत, पगार हे नाही. जमलेल्यांत तेलुगू किंवा कन्नड मातृभाषेचे लोक असतील, आणि सोलापुरात ते बहुधा असतातच, तर आठवे स्तोत्र त्यांच्याकडून त्यांच्या भाषेतही वाचून घ्यावे. गीतासाठी ना. वा. टिळकांचे सर्वांना येणारे एखादे भजन पुरेसे आहे. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या घरात मनन वीस मिनिटांहून लांबवू नये, आणि लांबत आहे असे दिसल्यास ऑगस्टिन यांना गाळावे, ईयोबाला नव्हे.

शेवटच्या प्रार्थनेपूर्वी प्रत्येकाने मनातल्या मनात अशा एका व्यक्तीचे नाव घ्यावे जिच्याशी किंवा जिच्याविषयी आपण या आठवड्यात कठोर बोललो आहोत. नाव उच्चारायला किंवा साक्ष द्यायला सांगू नये, कारण एका गल्लीत राहणाऱ्या लोकांत तसे केल्याने नव्या कुरबुरी सुरू होतात. मग याकोब १:५ वाचून, मागणाऱ्याला दोष न लावता देणाऱ्या देवाकडे ज्ञान मागावे. पुढच्या प्रार्थनेत मनन देणाऱ्याला त्याच दिवशी याकोबाचा चौथा अध्याय नेमून द्यावा. तिसरा अध्याय शांती करणाऱ्यांपाशी संपतो आणि चौथा लगेच विचारतो की तुमच्यातील भांडणे कोठून येतात. त्यामुळे त्याला विषय शोधत बसावे लागणार नाही.