‘जवळच तर आहे!’ बेळगावहून घाटात जाताना या चुका टाळा

शनिवारी रात्री साडेनऊला ग्रुपवर मेसेज येतो: ‘उद्या ७ ला निघायचं. चोर्ला घाट उतरून साखळी, तिथनं दोडामार्ग, तिलारी घाट चढून चंदगड, जाताजाता आंबोली, रात्री जेवायला घरी.’ खाली दहा-बारा अंगठे. नकाशावर बोट फिरवलं तर हे सगळं खरंच एका दिवसात बसतं. बोटाला वळणं लागत नाहीत, धुकं लागत नाही आणि मागच्या सीटवरच्या पोराला उलटीही होत नाही.

बाहेरच्या माणसाला सह्याद्री म्हणजे सहल, तो आठ दिवस आधी तयारी करतो. आपल्याला तो परसदारी. यळ्ळूरला गेलं की राजहंसगड, तासाभरात कणकुंबी, दीड-दोन तासांत आंबोली. म्हणून आपण चप्पल घालून निघतो. पंचवीसेक वर्षं या रस्त्यांवर ये-जा केल्यावर माझं मत झालंय की आपले बहुतेक घोटाळे ‘जवळच तर आहे’ या तीन शब्दांतनं निघतात.

किलोमीटर मोजता, तास मोजत नाही

बेळगाव ते चोर्ला पन्नासेक किलोमीटर. सपाटीवर हे तासाभराचं काम. पण जांबोटी सोडली की जंगल आणि वळणं सुरू होतात, पावसाळ्यात खड्डे, समोरनं ट्रक. घाटात ताशी पंचवीस-तीसचा वेग धरून चाला, त्याहून जास्त मिळाला तर बोनस. वर प्रत्येक चहाला वीस मिनिटं, प्रत्येक ‘इथं एक फोटो’ला दहा. पाच जण गाडीत असतील तर फोटोंचाच तास होतो.

माझा हिशेब सरळ आहे. एका दिवसात एक घाट किंवा एक चालणं. दोन्ही हवं असेल तर चालणं दोन तासांच्या आतलं. आणि परतीची वेळ निघतानाच ठरवायची. सकाळी सहाला निघून अंधाराआधी घरी यायचं तर दुपारी दीडला, जिथं असाल तिथनं, गाडीचं तोंड बेळगावकडं. ‘धबधबा आता दहाच मिनिटांवर आहे’ हे वाक्य दीड वाजता कुणी उच्चारलं तर त्याला उरलेल्या चटणी-भाकरीला बसवा.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण झाडीत पाचलाच दिवेलागण झाल्यासारखं वाटतं. कणकुंबी-चोर्ल्याच्या पट्ट्यात गवे रस्त्यावर येतात. चंदगड-दोडामार्गच्या बाजूला गेली वीसेक वर्षं हत्तींचा वावर आहे. तिन्हीसांजेला तिलारीच्या वाटेवर रमतगमत येणं म्हणजे हौस नव्हे, आगाऊपणा.

शहरातलं आभाळ बघून ठरवता

बेळगावात वर्षाला सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आंबोलीत सात हजाराच्या घरात. दोन-अडीच तासांच्या आत तुम्ही पाचपट पावसात जाता. उलट दिशेला गोकाक, तिथं बेळगावच्या निम्माही पडत नाही. अरबी समुद्रावरनं आलेले ढग डोंगराच्या धारेवर आपटून रिकामे होतात आणि पूर्वेला जाईपर्यंत त्यांच्यात राम उरत नाही. त्यामुळं बेळगावात टिळकवाडीत ऊन पडलंय म्हणून कणकुंबीत पडलं असेल असं नाही. तिकडच्या कुणाला तरी सकाळी फोन लावा, चहावाला, नातेवाईक, कुणीही. फोनमधल्या हवामानाच्या चित्रापेक्षा तो माणूस खरं सांगतो.

गोकाकच्या बाबतीत ही चूक उलटी होते. घटप्रभा तिथं ५२ मीटर खाली कोसळते, पण ते पाणी गोकाकच्या पावसाचं नसतं. आंबोलीची हिरण्यकेशी, चंदगडची ताम्रपर्णी, सगळ्या घटप्रभेला मिळून खाली जातात, आणि मध्ये घटप्रभेवर हिडकलचं धरण आहे. आधी धरण भरणार, मग पाणी सुटणार. जूनच्या पहिल्या पावसात पोरंबाळं घेऊन गोकाकला पळणारे खडक बघून आणि तिथली करदंट मिठाई घेऊन परत येतात. जुलैच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत जा, लालभडक पाणी बघायला मिळेल. आणि तिथं लख्ख ऊन असलं तरी पाणी वाढू शकतं हे लक्षात असू द्या. पाऊस शंभर किलोमीटरवर पडलेला असतो. कठड्याच्या आत उतरून सेल्फी काढणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

ओढा ओलांडताना परतीचा विचार करत नाही

यावर थोडं जास्त लिहितो, कारण हे माझ्यावर गुदरलंय.

जुलैचा शेवट होता. जांबोटीच्या पलीकडं एका गावातनं आम्ही चौघे धबधबा बघायला निघालो. वाटेत ओढा. पाणी पोटरीइतकं, स्वच्छ, तळातले गोटे दिसत होते. बूट हातात घेऊन हसतखेळत पार झालो. पलीकडं तासभर गेला. आमच्या डोक्यावर पावसाचा थेंब नाही, वरच्या डोंगरावर मात्र काळं झालं होतं. ते आम्ही बघितलं, ‘काय मस्त दिसतंय’ म्हणून फोटोही काढला.

परत आलो तर ओढा ओळखू येईना. चहासारखं पाणी, मांड्यांच्या वर, आणि आवाज निराळाच. मघाचा खळखळाट जाऊन एक घुमल्यासारखा आवाज येत होता. आमच्यातला एक जण पट्टीचा पोहणारा, तो म्हणाला, हात धरून जाऊ. पलीकडं म्हशी घेऊन एक म्हातारा उभा होता. तो ओरडला, “येऊ नको गा! बस तिथंच. पाणी चडतंय तसं उतरतंय.”

आम्ही बसलो. तीन तास. त्यानं सांगितलं नसतं तर उतरलोच असतो, हे आज कबूल करायला लाज नाही. त्या तीन तासांत एक आख्खं वाळकं झाड आमच्या समोरनं वाहत गेलं. हात धरून चौघे त्याच्या वाटेत असतो. साडेपाचला पाणी गुडघ्यापर्यंत उतरलं. म्हातारा तोवर पलीकडंच बसून होता.

तेव्हापासून ओढा ओलांडायच्या आधी काठावर एक दगड हेरून ठेवतो, पाण्याच्या बरोबर वर असलेला. तो बुडाला की फिरायचं. पाणी गढूळ व्हायला लागलं, पानं-काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज बदलला, यातलं एक जरी दिसलं तरी वर कुठं तरी पाऊस झालाय असं धरायचं आणि लगेच घराकडच्या काठावर यायचं. अडकलाच तर उंच जागी बसून राहा. डोंगरातला ओढा जसा झपाट्यानं चढतो तसाच पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतो. मांडीभर वाहत्या पाण्यात पोहण्याची कला उपयोगी पडत नाही, पाय सुटला की विषय संपला.

आणि बूट. जांभ्या दगडावर पावसात शेवाळ धरतं, ते दिसतं तपकिरी, लागतं साबणासारखं. झिजलेल्या तळव्याचे महागडे बूट घालून येणाऱ्यापेक्षा खोल खाचांचे रबरी बूट घालणारा गुराखी जास्त शहाणा. जळवा चिकटल्या तर ओढून तोडू नका. नखानं बाजूनं सरकवा, सुटतात. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरायचं कारण नाही.

घाट ब्रेकवर उतरता

‘ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर.’ हे वाक्य प्रत्येक जुन्या ट्रक ड्रायव्हरला पाठ असतं आणि नवी गाडी घेतलेल्याला कुणी शिकवत नाही. तिलारी घाट तीव्र उताराचा, वळणं अंगावर येणारी. तिथं तिसऱ्या-चौथ्यात गाडी सोडून सारखा ब्रेक दाबत राहिलं की ब्रेक तापतात आणि पकड सुटते. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे महाभाग तर आहेतच. दुसऱ्यात, गरज पडली तर पहिल्यात उतरा. गिअर बदलायचे नसलेली गाडी असेल तर खालच्या गिअरात अडकवून ठेवायची सोय त्यात असते, ती कुठं आहे हे घरीच बघून ठेवा.

काहीतरी जळल्यासारखा वास आला किंवा पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं तर सपाट, रुंद जागा बघून थांबा. वळणावर नको. चाकाखाली दगड लावा आणि अर्धा तास गप्प बसा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतायचा मोह होतो, ओतू नका, ती वाकडी होऊ शकते. अरुंद जागी समोरनं चढणारी गाडी आली तर उतरणाऱ्यानं थांबायचं असतं. इथं बरोबर उलटं चालतं.

धुक्यात दिवे अप्परला टाकले की समोर पांढरी भिंत उभी राहते, उजेड धुक्यावर आपटून परत येतो. डिपरवर ठेवा. चारी इंडिकेटर लावून चालायची पद्धत पडलीय, त्यानं मागच्याला तुम्ही कुठं वळताय ते कळत नाही. ते थांबलेल्या गाडीसाठी. काच आतून धूसर झाली की फडकं घेऊन पुसत बसू नका. एसी लावून हवा काचेवर सोडा आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करा, मिनिटभरात स्वच्छ. वायपरची रबरं मे महिन्यातच बदला, पहिल्या पावसात दुकानात रांग असते.

परवानगीचं ‘बघू तिथं गेल्यावर’

भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. किल्ला, बारापेडेच्या गुहा, आतली गावं, कुठंही वनखात्याला न विचारता शिरता येत नाही. या गुहांत राहणारं रॉटनचं वटवाघूळ जगात फार थोड्या ठिकाणी सापडतं, ‘आत डोकावून बघू’ म्हणून टॉर्च मारायची ती जागा नव्हे. वज्रपोहा आणि आसपासच्या धबधब्यांच्या वाटा ऐन पावसाळ्यात बंद करतात. दर वर्षीचा हुकूम वेगळा असतो, म्हणून खानापूरला किंवा जांबोटीला वनखात्याच्या कचेरीत आधी विचारा. मागच्या वर्षीचा व्हिडिओ बघून गेलात तर नाक्यावरनं परत.

कॅसलरॉकहून रुळावरनं चालत दूधसागरला जाणं ही आपल्या पिढीची आठवण असेल, आता तो गुन्हा आहे. रेल्वे पोलीस पकडतात. त्यात बोगदे, पावसात न ऐकू येणारी गाडी. ३१० मीटरचा धबधबा बघायचाच असेल तर पाऊस ओसरल्यावर गोव्यातल्या कुळ्याहून जीपनं जा.

परवानगी नाही मिळाली म्हणून दिवस वाया जात नाही. महिपाळगड आणि खालचं देवरवाडीचं वैजनाथ, एवढ्यात घरच्या म्हाताऱ्या माणसांसकट सुंदर दिवस होतो. गडावर गाव वसलेलं आहे, प्यायला पाणी मिळतं. पारगडही तसाच, नांदता गड. तानाजी मालुसऱ्यांच्या वंशजांचा हा गड. तिथं आरडाओरडा करत, स्पीकर लावून फिरू नका, लोकांची घरं आहेत.

उन्हाळ्यात जंगल निरुपद्रवी वाटतं

जानेवारी ते मे हा गोचिडांचा मोसम. सत्तरी, दोडामार्ग या पट्ट्यात माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत आणि तो गोचिडीतनं पसरतो. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, पाचोळ्यावर बसायचं नाही. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, वनखात्याला कळवायचं. घरी आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ आणि कपडे लगेच धुवायला. आठवडाभरात जोराचा ताप, डोकेदुखी आली तर डॉक्टरला ‘जंगलात गेलो होतो’ हे आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

सीमा आहे हे विसरता

तीन राज्यं एका दिवसात, त्यामुळं किरकोळ कटकटी पुष्कळ. जांबोटीच्या पुढं नेटवर्क येतं-जातं, म्हणून नकाशा घरीच उतरवून घ्या. नेटवर्क नाही म्हणजे फोनवरनं पैसेही जात नाहीत. कणकुंबीत चहा-भजी खाऊन पाचशेची एकच नोट दाखवणाऱ्याकडं टपरीवाली ज्या नजरेनं बघते ती मी अनुभवली आहे. दहा-वीसच्या नोटा ठेवा. अडचणीत ११२ लावा, आपल्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी दुसऱ्या कुठल्याही नेटवर्कवरनं तो फोन लागतो. टाकी बेळगावातच भरा. घरी नुसतं ‘फिरायला जातोय’ न सांगता ‘जांबोटीमार्गे चोर्ला, सहापर्यंत परत’ असं सांगून निघा.

बसनं जाणाऱ्यांनी तारीख बघावी. १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सवाच्या) आसपास किंवा सीमाप्रश्न तापला की दोन्हीकडच्या बसेस हद्दीवर थांबतात. २०२२ च्या डिसेंबरात कितीतरी जण असे अडकले होते. हद्दीवरच्या शिनोळीपर्यंत पोचून तिथनं वडाप (खासगी जीप) शोधायची वेळ येऊ शकते.

वनखात्याचा गार्ड कन्नडमधनं ‘नीरू ज्यास्ती इदे’ म्हणाला तर तो वाद घालत नाही, पाणी जास्त आहे एवढंच सांगतोय.

आणि गोव्यातनं चोर्ल्यानं परत येताना डिकीत ‘फक्त दोनच’ बाटल्या ठेवणाऱ्या मित्राला आधी विचारून घ्या. वाटेत नाका आहे, गाडी तपासतात. तिथं गेलेला दीड तास तुम्ही काढलेल्या कुठल्याच हिशेबात धरलेला नसतो.