भोसरीतल्या राउटरवर शिकलेलं फर्मवेअर

राउटरचा स्पिंडल (कापणारं हत्यार फिरवणारी मोटर) चालू केला की चार-पाच मिनिटांत मशीन जागीच थांबायचं आणि स्क्रीनवर 'अलार्म १' यायचा. अलार्म १ म्हणजे लिमिट स्विच, मशीन सरकत अगदी टोकाला पोचलं हे सांगणारा स्विच, दाबला गेला. पण गॅन्ट्री, म्हणजे स्पिंडल वाहून नेणारी सरकती चौकट, तर टेबलाच्या मधोमध होती, स्विचपासून हातभर लांब. भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमधला लाकूड आणि अ‍ॅक्रिलिक कापायचा तो राउटर. त्यावर ओपन सोर्स फर्मवेअर (मशीनच्या कंट्रोलरमध्ये बसणारा, कुणालाही वाचता-बदलता येणारा प्रोग्राम) बसवून द्यायचं काम माझ्याकडे होतं. गडबड कोडमध्येच आहे असं धरून मी दहा दिवस लिमिटचा कोड उकरत बसलो. सिग्नल दोनदा तपासला, मध्ये काही मिलिसेकंदांचा विलंब टाकला. अलार्म कमी झाला, पण गेला नाही.

शेवटी तिथल्या फिटर काकांनी तोच प्रोग्राम स्पिंडल बंद ठेवून हवेत फिरवला. तासभर काहीच झालं नाही. मग त्यांनी केबल ट्रेचं झाकण काढलं. स्पिंडलची पॉवर केबल आणि लिमिट स्विचच्या बारीक वायरी एकाच गठ्ठ्यात बांधलेल्या होत्या. व्हीएफडी, म्हणजे स्पिंडलचा वेग बदलणारा ड्राइव्ह, मोटरला वीज फार वेगाने चालू-बंद करत देतो, तो नॉइज शेजारच्या वायरीत उतरतो, आणि कंट्रोलरच्या पिनवरचा आतला पुल-अप (स्विच दाबलेला नसताना पिनची पातळी धरून ठेवणारा रेझिस्टर) इतका कमजोर असतो की तेवढा धक्काही त्याला स्विच दाबल्यासारखा वाटतो. पुण्यातल्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून शिल्डेड केबल, रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आणले. शिल्ड एकाच टोकाला अर्थ केली, वायरी वेगळ्या वाटेने नेल्या, बोर्डाजवळ फिल्टर लावला. अलार्म गेला. मी घातलेला विलंब काढून टाकला, कारण खरोखर स्विच दाबला जाईल तेव्हा ते मिलिसेकंद मला हवे होते.

मशीनच्या फर्मवेअरच्या या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्याला म्हणूनच मी आधी मशीन गाठायला सांगतो. मोठं मशीन नको. दोन मोटरींचा, बॉलपेन धरणारा प्लॉटर पुरतो.

वाचायला जीआरबीएल (Grbl) या ओपन सोर्स फर्मवेअरचा कोड घ्या. २००९ साली सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी ते सुरू केलं, पुढे सनी जिऑन यांनी वाढवलं. साध्या आर्डुइनो उनोवर चालतं: १६ मेगाहर्ट्झचा ८ बिटी प्रोसेसर, ३२ केबी फ्लॅश, २ केबी रॅम. एवढ्याशा जागेत जी-कोड (मशीनला कुठे, किती वेगाने जायचं ते सांगणाऱ्या ओळी) समजून घेणं, पुढच्या हालचालींचा वेग आखणं आणि मोटरला स्टेप (एक ठरावीक पाऊल फिरण्याचा इशारा) देणं ही तिन्ही कामं बसवलेली आहेत. एकच माणूस अख्खा कोड डोक्यात ठेवू शकतो, शिकणाऱ्यासाठी हे फार मोलाचं आहे. प्लॅनर आणि स्टेपर या दोन फाइलींमधल्या टिपा सावकाश वाचा. कोपऱ्यावर वेग किती उतरवायचा, तीन अक्षांच्या स्टेप एकमेकींशी मेळात कशा ठेवायच्या, हे तिथे लिहिलेलं आहे. भोसरीत गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते, माझं बरंचसं वाचन त्या गुरुवारांत झालं.

यातलं खरं बजेट वेळेचं असतं. उनोवर जीआरबीएल सेकंदाला साधारण ३०,००० स्टेपपर्यंत जातं. प्रोसेसरचे सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके भागिले ३० हजार म्हणजे प्रत्येक स्टेपमागे सुमारे ५३३ क्लॉक सायकल. त्यात इंटरप्टमध्ये, म्हणजे बाकीचं काम थांबवून आधी उरकायच्या कोडमध्ये, शिरणं-निघणंही आलं. मला स्क्रीनवर चालू वेग दाखवायचा होता, म्हणून मी स्टेपच्या इंटरप्टमध्येच दशांशाचा एक भागाकार घातला. या प्रोसेसरला दशांशाचं गणित हार्डवेअरमध्ये येत नाही, त्या एका भागाकाराला शेकडो सायकल लागतात. स्पिंडलच्या जागी मार्कर बांधून कार्डशीटवर वर्तुळ काढलं, तर मोटर गुरगुरायला लागली आणि रेघेला जागोजागी बारीक गाठी आल्या. भागाकार मुख्य लूपमध्ये हलवल्यावर तेच वर्तुळ स्वच्छ आलं. ते दोन्ही कार्डशीट मी जपून ठेवलेत, नव्या मुलांच्या हातात आधी तेच देतो.

गणित कागदावर करायची सवय लावा. मोटरच्या एका फेऱ्याला २०० स्टेप, मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हरवर १६ मायक्रोस्टेप (एका स्टेपचे १६ भाग), बॉलस्क्रूचा पिच (एका फेऱ्यात सरकणारं अंतर) ५ मिमी, म्हणजे मिलिमीटरला ६४० स्टेप. हा आकडा 'डॉलर १००' या सेटिंगमध्ये जातो. आता ३० हजारला ६४० ने भागा: सेकंदाला ४७ मिमीच्या आत, मिनिटाला साधारण २,८०० मिमी. वर्कशॉपच्या मालकांना ४,००० हवे होते. मग मायक्रोस्टेप ८ वर आणायचे, नाहीतर ३२ बिटी बोर्ड घ्यायचा. असा निर्णय कोड लिहायच्या आधी व्हायला हवा. ३२ बिटीकडे जाणार असाल तर जीआरबीएल-हॅल आणि ईएसपी३२ चिपवरचं फ्लुइडएनसी ही फर्मवेअर बघा. नवं काम जास्त तिकडे होतं, त्यामुळे हातभार लावायलाही जागा तिथेच आहे.

मालकांचा एक प्रश्न तुम्हालाही विचारला जाईल: "फुकट आहे म्हणता, मग उद्या कुणी काही मागणार तर नाही?" जीआरबीएल जीपीएल ३ परवान्याखाली आहे. स्वतःच्या कारखान्यात वापरा, हवे तसे बदल करा, कुणाला काही दाखवायची गरज नाही. पण बदललेलं फर्मवेअर मशीनसोबत विकलंत, तर घेणाऱ्याला तुमच्या बदलांसह सोर्स मिळण्याचा हक्क आहे. हे कोटेशन देतानाच सांगून टाकावं, लपवू नये. आपल्याला दुसऱ्यांचं काम याच अटीवर मिळालेलं असतं.

आणि मशीन तातडीने थांबवायचं लाल बटण फर्मवेअरच्या भरवशावर ठेवू नका. ते दाबल्यावर स्पिंडल आणि ड्रायव्हरची वीज वायरिंगमधूनच तुटली पाहिजे, प्रोसेसर अडकलेला असला तरी.

पहिलं योगदान मोठं फीचर असावं असा हट्ट धरू नका. माझं पहिलं योगदान म्हणजे लिमिट स्विचच्या वायरिंगबद्दल कागदपत्रांत घातलेल्या चार ओळी आणि एक आकृती. चूक कळवताना बोर्ड, आवृत्ती, सगळी सेटिंग्ज आणि ती चूक हमखास घडवणारा लहानात लहान जी-कोड द्या. तो पाचशे ओळींवरून सहा ओळींवर आणताना निम्म्या वेळा आपली आपल्यालाच चूक सापडते.

नवा कोड मी थेट मशीनवर चढवत नाही. मोटर टेबलावर मोकळी ठेवतो, शाफ्टला मास्किंग टेपचा झेंडा लावतो, खाली पेनाने खूण करतो आणि वेगवेगळ्या वेगांनी हजार वेळा पुढे-मागे फिरवतो. तासाभराने झेंडा त्याच खुणेवर उभा असला, की मग बोर्ड पिशवीत घालून भोसरीची बस पकडतो.