घरच्या बाथरूममध्ये डार्करूम करायचीय? आधी हार्डवेअरच्या दुकानात जा

नळाचा वॉशर गेला, दाराची कडी सैल झाली, की आपण कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे जातो, काऊंटरवर जुना तुकडा ठेवतो आणि "काका, असाच द्या" म्हणतो. फिल्मवरच्या फोटोंच्या ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट घरी, अंधाऱ्या खोलीत म्हणजे डार्करूममध्ये, करायच्या असतील तरी सुरुवात तिथूनच करा, कारण फोटोचा पेपर आणि एन्लार्जर (निगेटिव्हचं चित्र मोठं करून पेपरवर पाडणारं यंत्र) सोडला तर डार्करूमचं बहुतेक सामान तिथे आणि आजूबाजूच्या दुकानांत मिळतं, फक्त त्याच्यावर फोटोग्राफीचं नाव नसतं. म्हणून वस्तूचं नाव नका सांगू, काम सांगा. "सेफलाईट" (फोटोचा पेपर खराब न करणारा लाल दिवा) "आहे का" विचारलं तर नाहीच म्हणणार, पण "दाराच्या फटीतून उजेड येतोय, काय लावू" असं विचारलं की काका चार गोष्टी काढून समोर ठेवतात आणि वर "फट किती सुताची आहे?" हेही विचारतात, तेव्हा घरून माप घेऊनच जा. पुण्यात बोहरी आळी आणि तिथून चालत तापकीर गल्ली, मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि लोहार चाळ, अर्ध्या दिवसात बरंचसं सामान होतं.

पहिलं काम अंधार. भर दुपारी बाथरूममध्ये दार लावून दहा मिनिटं नुसतं बसा, लगेच काही दिसत नाही पण डोळे सरावले की एकेक फट दिसायला लागते, तिथे पेन्सिलने खूण करा. खिडकीला काळं रेक्झिन दुहेरी करून वेल्क्रोने लावा म्हणजे काम झाल्यावर काढता येतं. दाराच्या चौकटीला फोमची चिकटपट्टी, खाली रबरी पट्टी, पाइपाभोवतीच्या भोकात एम-सील. एक्झॉस्ट फॅन बंद करू नका, केमिकलच्या वासात हवा खेळती पाहिजेच, त्याच्यापुढे प्लायचा एकाआड एक फळ्यांचा खोका बसवा आणि आतून ब्लॅकबोर्ड पेंट मारा, तो मॅट असतो म्हणून उजेड परावर्तित होऊन आत येत नाही. ऑइल पेंटचा काळा चमकतो, तो नको.

आता लाल बल्ब, आणि इथे जरा थांबा कारण सगळ्यात जास्त पेपर इथेच वाया जातात. अर्ध्या वॉटचा लाल एलईडी नाईट लॅम्प स्वस्तात मिळतो, पण काहींमध्ये आत पांढरा एलईडी असतो आणि वर नुसतं लाल प्लॅस्टिक. दुकानातच बल्ब लावायला सांगा आणि जुन्या सीडीवर त्याचं प्रतिबिंब बघा, नुसता लाल पट्टा दिसला तर घ्या, हिरवा किंवा निळा दिसला तर परत द्या, कारण मल्टिग्रेड (कॉन्ट्रास्ट कमी-जास्त करता येणारा) पेपर नेमका निळ्या-हिरव्यालाच संवेदनशील असतो. मी पहिल्यांदा न बघता घेतला होता आणि माझ्या सगळ्या प्रिंटचे पांढरे भाग राखाडी आले, आठवडाभर मी डेव्हलपरला, म्हणजे पेपरवर चित्र उमटवणाऱ्या केमिकलला, दोष देत होतो. बल्ब चार फूट लांब ठेवा आणि तरीही नाण्याची टेस्ट करा: पेपरला आधी पांढरा उजेड इतका द्या की हलका ग्रे येईल, मग त्यावर नाणं ठेवून लाल उजेडात पाच मिनिटं सोडा आणि डेव्हलप करा, नाण्याचा गोल उमटला तर बल्ब चालणार नाही. फिल्मसाठी मात्र हाही बल्ब बंद, तिथे पूर्ण काळोखच.

ट्रे प्लॅस्टिकचे, चौकोनी, सपाट बुडाचे, तीन वेगळ्या रंगांचे, म्हणजे डेव्हलपर, स्टॉप (डेव्हलपरचं काम थांबवणारं) आणि फिक्सर (चित्र पक्कं करणारं) यांची अदलाबदल होत नाही. लोखंड, पितळ, तांबं, जीआयचा पत्रा केमिकलच्या जवळ नको, धातू लागलाच तर एसएस. प्रिंट धुवायला गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी दोन मीटर घ्या, एक टोक ट्रेच्या तळाशी आणि दुसरं खाली मोरीत, सायफन चालू केला की हायपोवालं (हायपो म्हणजे फिक्सरमधलं केमिकल) पाणी आधी निघतं, कारण ते जड असतं आणि तळाशी बसतं.

केमिकलचं थोडक्यात. स्टॉप बाथला किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, लिटरला 15 ते 20 ग्रॅम. हायपोचे खडे माशांच्या टाकीचं सामान विकणाऱ्याकडेही मिळतात. कॉफीने फिल्म डेव्हलप करायची असेल तर लिटरला 54 ग्रॅम धुण्याचा सोडा, 16 ग्रॅम व्हिटॅमिन सी, 40 ग्रॅम इन्स्टंट कॉफी, 20 डिग्रीला 15 मिनिटं. सोडा कोरडी पावडर हवी, काचेसारखे खडे मिळाले तर त्यात पाणी असतं म्हणून 146 ग्रॅम घ्या, आणि खायचा सोडा म्हणजे हा नव्हे. काहीही पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरू नका, घरात लहान मुलं असोत वा नसोत.

एन्लार्जर मिळेपर्यंत थांबायचीही गरज नाही. काचवाल्याकडून 10 बाय 12 इंचाची 5 एमएम काच कापून घ्या, कडा घासून द्यायला सांगा. 36 फ्रेमचा निगेटिव्हचा रोल सहा-सहाच्या पट्ट्यांत कापला की 8 बाय 10 च्या पेपरवर अख्खा बसतो, आणि निगेटिव्हच्याच आकाराच्या छोट्या प्रिंट मिळतात. वर काच ठेवा, छतावरचा साधा बल्ब एक सेकंद लावा, कमी-जास्त वाटलं तर पुढच्या तुकड्यावर बदला, आणि पेपर पहिल्या ट्रेमध्ये सोडा.